मोहाखालचा वर्ग

सातपुड्याच्या पायथ्याशी आमची आश्रमशाळा. तिथं पहिलीला शिकवणाऱ्या बाई पाचोऱ्याकडच्या. पान, दगड, मुंगी, हाती येईल ते दाखवून त्या पावरा आदिवासी मुलांना आपल्या अहिराणीत विचारायच्या, “तुमना घर हाईले काय म्हंतस?” मुलं पावरीत ओरडायची, मग बाई मराठी शब्द सांगायच्या.

नव्या मुख्याध्यापकांनी वर्गात फक्त मराठीच बोलायचा हुकूम काढला. मुलं गप्प झाली. बाईंनी सगळ्यांना मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवलं. मुख्याध्यापक जाब विचारायला आले, तेव्हा बाई म्हणाल्या,

“सर, हुकूम वर्गाचा आहे. इथं भिंती कुठं आहेत?”

पुढं त्यांची बदली झाली आणि पहिली माझ्याकडे आली. एक मुलगी रोज मला पावरीत काहीतरी विचारायची. ते कळायला पोळा उजाडला. ती विचारत होती, “बाई कधी येतील?”

मलाही तेच कुणाला तरी विचारायचं होतं.