कोरड्या नदीत नांगर

आज सकाळपासून तुम्ही किती अनोळखी माणसांशी बोललात? दुकानदार आणि पार्सल घेऊन आलेला माणूस मोजू नका. उत्तर शून्य असेल तर तुम्हाला माझ्या मामाची ओळख करून द्यायलाच हवी. उरणपासून पनवेलपर्यंतच्या सगळ्या पट्ट्यात त्याच्याइतका बोलका माणूस सापडणार नाही, आणि त्याच्याइतका पाण्याला घाबरणारा कोळी तर अख्ख्या किनाऱ्यावर नसेल. आजोबांची स्वतःची होडी होती. पहिल्याच फेरीत मामाने जाळ्यात आलं त्यापेक्षा जास्त समुद्राला परत दिलं, असं माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, अजून चारचौघांत सांगते. मामाने त्याच दिवशी ठरवलं की पोट भरायचं ते जमिनीवर. तळोज्याच्या एका कारखान्यात त्याने फिटर म्हणून आयुष्यभर पाळ्या केल्या, विचुंब्यात फ्लॅट घेतला आणि निवृत्त झाल्यावर, मामीला न विचारता, चारही चाकं ओढणारी एक जुनी हिरवी जीप घरी आणली.

पण रक्तातलं खारं पाणी जाणार कुठे? आजोबांच्या होडीचा नांगर मामाने जीपमध्ये ठेवला. नुसता ठेवला नाही, वापरायला काढला. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा आणि मग खाली उतरून दोरखंडासकट नांगर टाकायचा. सोसायटीने फलकावर सूचना लावली, ‘वाहनतळात नांगर टाकू नये.’ अशी सूचना लागलेली ती सोसायटी महाराष्ट्रात एकमेव असावी. मामा सेक्रेटरींना म्हणाला, “ठीक हाय. तुमची गाडी व्हावत गेली तं मना हाका मारू नका.”

त्याची दुसरी सवय आजोबांकडून आलेली. खाडीत दोन होड्या समोरासमोर आल्या की पुढे पाणी किती, ते विचारल्याशिवाय जायचं नाही. मुक्याने गेलात तर तो अपमान. मामाने हा नियम डांबरावर आणला. समोरून रिक्षा येवो, दूधवाला येवो, की म्हशी घेऊन कुणी येवो, मामा जीप थांबवून ओरडणार, “पुढं पानी कवरा हाय?” भर मे महिन्यात, पळस्प्याच्या नाक्यावर, मागे ट्रकांचे भोंगे वाजत असताना! मी तेव्हा सीटखाली तोंड लपवायचे. बिचारे लोक मात्र उत्तर द्यायचे. “काका, पाणी नाही, पण ट्रॅफिक आहे.” मामा समाधानाने मान हलवायचा आणि त्याच ट्रॅफिकमध्ये शिरायचा.

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी चळवळीची पत्रकं आली. खाडीत सोडलेल्या रसायनाबद्दल, पोखरलेल्या डोंगरांबद्दल, अशी मीही कितीतरी लिहिली आणि वाटली. डिझेल गाड्यांविरुद्धचं पत्रक मी मुद्दाम मामाच्या हातात दिलं. त्याने ते शेवटपर्यंत वाचलं, ‘बराबर हाय’ म्हणाला, आणि त्याच पत्रकाने इंजिनाच्या ऑइलची पट्टी पुसली. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मामाचं एकच स्वप्न होतं. जिथे पाणीच नाही अशा मुलखात जीप न्यायची. कच्छच्या वाळवंटी भागात नद्यांनी खडक कापून खोल घळी केल्या आहेत, वर्षभर त्या कोरड्या असतात आणि त्यांच्या तळातून गाडीवाटा जातात, हे त्याने कुणाकडून तरी ऐकलं होतं. गेल्या हिवाळ्यात त्याने निघायचं ठरवलं. घाई होती, कारण पुढच्या महिन्यात त्याच्या लायसनची मुदत संपत होती, नव्यासाठी डोळे तपासावे लागणार होते, आणि डॉक्टरचं नाव काढलं की मामा बाल्कनीत जाऊन उभा राहायचा. मामीने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

“चाय डावीकडं ठेवला तं थंड व्हतो,” ती हळूच म्हणाली. “उजवीकडं ठेवला तं पितो. तू जा सोबत. मोठी पत्रकं लिवतंस ना, खरा बोला म्हनून? मंग खरा काय ता मना येऊन सांग.”

हमरस्त्यावर जीप मीच चालवली. “डांबरावर मना झोप येते,” असं मामाच म्हणाला होता. सोबत सुकट आणि बोंबलांचा एवढा मोठा डबा होता की वाटेत ज्या धाब्यावर थांबलो तिथे आमच्या शेजारची टेबलं आपोआप रिकामी झाली. घळीच्या तोंडाशी मात्र मामाने माझ्याकडून किल्ली घेतली, खाली उतरला आणि खिशातून नारळ काढला. नारळी पौर्णिमेला समुद्राला देतात तसा, हात जोडून, त्याने तो त्या ठणठणीत कोरड्या नदीला दिला. नारळ दोन उड्या मारून दगडाशी थांबला. “पावला,” मामा म्हणाला.

आत दोन्ही बाजूंना तांबड्या-पिवळ्या थरांच्या उंच भिंती होत्या. डावीकडच्या भिंतीत, जेमतेम हातभर अंतरावर, मला दगड झालेले शिंपले दिसले. “मामा, बघ!” त्याने समोर बघितलं. उजवीकडे बघितलं. मग खांद्यासकट पूर्ण वळला, तेव्हा कुठे त्याला ते दिसले. खाली उतरून अंगठ्याने चाचपल्यावर तो हादरलाच. “आयला, हा इथंपन आला व्हता?” जन्मभर ज्या समुद्राला चुकवलं, तो त्याच्या आधीच येऊन गेला होता. मी हसत होते, पण मामीचा चहाचा कप माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

पुढे वाटेला फाटा फुटला. माझ्या फोनवर रेंज नव्हती, आणि असती तरी फोनला विचारायला मामाची मनाई. “तो गेलाय का कवा या वाटंनं?” नियम म्हणजे नियम; माणूस येईपर्यंत थांबायचं. आम्ही नांगर टाकला, दोनदा चहा केला, आणि दुपार कलली तेव्हा शेळ्या घेऊन एक म्हातारे बाबा आले. मामा आनंदाने ओरडला, “पुढं पानी कवरा हाय?”

बाबांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. “पीना है?”

मग हिंदीत वाट विचारली. बाबांनी डावीकडे बोट दाखवलं, शेळ्यांना हाकारून त्यांच्या वाटेला लावलं, पायाने लंगडणारी एक काखेत घेतली आणि डावीकडच्या सीटवर बसूनच घेतलं. बोंबलाच्या वासाने त्यांनी नाकाला फेटा लावला, पण उतरले नाहीत. मी मागे बसले. थोडं गेल्यावर बाबा अचानक किंचाळले, “अरे, इधर! इधर!” आणि जीपचं पुढचं डावं चाक वाटेच्या कडेवरून घसरून वाळूत रुतलं. आणखी दोन हात पुढे गेलो असतो तर जीप उलटलीच असती.

मामाने नांगर उचलला, उजवीकडच्या खडकाच्या फटीत अडकवला, त्याला जीपमध्ये ठेवलेली, कारखान्यात वजनं ओढायची चेन-पुली लावली आणि साखळी ओढायला लागला. इंच इंच करत जीप वर आली. आजोबांच्या नांगराने कोरड्या नदीत होडी वाचवली होती. बाबांनी टाळ्या वाजवल्या, शेळीही ओरडली. मामा हसला नाही. “वाळू भुसभुशीत व्हती,” तो म्हणाला.

“मामा, कडा दिसली नव्हती ना?”

तो साखळी पुसायला लागला. मग म्हणाला, “होडी फुटली नाय तवरच किनाऱ्याला लावावी, आसा माजा बापूस म्हनायचा.”

ती वाट घळीबाहेर जातच नव्हती. ती बाबांच्या झोपडीपाशी संपत होती. दुखऱ्या शेळीला घरी न्यायला त्यांना गाडी हवी होती, बस्स! माझ्यातली पत्रकवाली भडकली. ही सरळसरळ फसवणूक होती. मामा बाजेवर बसून त्यांचं ताक पीत होता. “फसवला कुठं? त्याला विचारला, त्यानं त्याची वाट सांगितली.”

विचुंब्याला परतलो तेव्हा मामी दारातच उभी होती. “काय गं?” येताना सगळ्या रस्त्यात मी वाक्य जुळवलं होतं. पत्रकांत आयुष्यभर खरं लिहिता येतं, पण मामीच्या डोळ्यांत बघून ते तोंडातून निघेना. तेवढ्यात मामाने माझ्या तळहातावर किल्ली ठेवली. “सांग तिला,” तो चपला काढत म्हणाला. “आजपासून कप उजवीकडं ठेव म्हनावा.”

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही, उरलेली औषधाच्या थेंबांनी सांभाळायची. मामाने लायसनचा अर्ज केलाच नाही. आता रविवारी जीप मी चालवते. डिझेलविरुद्ध पत्रकं काढणारी मी! तो डावीकडे बसतो, उजव्या डोळ्याने माझ्या चुका काढतो आणि नांगर अजून स्वतःच टाकतो. रस्त्याकडेची माणसं मात्र नेमकी त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला येतात. तो वळून हाक मारेपर्यंत ती मागे पडलेली असतात, आणि मग मामा बराच वेळ गप्प बसतो. त्याला गप्प बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून एवढं एक काम करा. पळस्प्याकडून विचुंब्याला येताना, नांगर घेतलेली एखादी जुनी हिरवी जीप तुमच्या जवळून हळू जाताना दिसली, तर त्याच्या हाकेची वाट बघू नका. तुम्हीच आधी मोठ्याने हाक मारा आणि विचारा, “मामा, पुढं पानी कवरा हाय?” मी गाडी थांबवीन.