चर्चच्या अंगणातलं प्लॅस्टिकचं गवत

१९९७ साली मी पन्नाशीचा होतो आणि थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. शाळा मी दोन यत्तांपुरती बघितली. पण फरशी बसवावी तर मीच, हे कुंभवलीपासून बोईसर स्टेशनापर्यंत कुणालाही विचारा. आम्ही मूळचे मासवणकडचे. कारखाने आले तसे कामापायी कुंभवलीला उतरलो आणि तिथलेच झालो.

लग्नाचं जेवण कुठं घालायचं, यावरून व्याह्यांशी माझी जुंपली होती. व्याही किनाऱ्यावरचे, होडीवाले कोळी. साधं बोलले तरी बंदरावरून हाक मारल्यासारखं वाटायचं.

"तुमच्या चर्चचं अंगण म्हणजे नुसता लाल मुरूम," ते म्हणाले. "आमची सून पांढऱ्या झग्यात यायची नि जेवण होईस्तोवर विटेसारखी लाल व्हायची. जेवण आमच्याकडंच."

"पोरगी बापाच्या अंगणातनंच उठंल. जेवण आमच्याचकडं."

"मग तो मुरूम झाका."

"झाकतो!"

तोंडातून शब्द गेला आणि मग मी विचार केला, झाकायचा कशानं? खरं गवत तिथं धरत नव्हतं. बोअरचं पाणी खारट.

नशीब बघा. त्याच महिन्यात आमच्या चर्चमधल्या एका साहेबांनी मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलाच्या गच्चीवरचं जुनं प्लॅस्टिकचं गवत टेम्पोत घालून आणलं. मोठमोठ्या गुंडाळ्या, पोपटासारख्या हिरव्या. मी असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं.

"फादर, हे म्हशीला घातलं तर?" मी विचारलं.

"म्हैस तुमच्यावर केस करील," फादर म्हणाले. हसत हसत म्हणाले, पण पुढं जरा चाचरतच बोलले, "हे बसवायला मुंबईची माणसं बोलवू या का?"

मी त्यांच्याकडे असं बघितलं की परत तो विषय निघाला नाही.

शुक्रवारी सकाळी मी अंगण लेव्हलला आणलं. पाण्याची नळी धरून, फरशीला धरतात तसं. आता अंथरायचं, एवढ्यात बायको गल्लीतल्या बायका घेऊन हजर. प्रत्येकीच्या हातात शेणाची बादली.

"आवो, सारवल्याबिगर लग्नाची जागा कशी व्हईल? मग सासरचे नावं ठेवतील."

मी म्हणालो, "सारवा." लग्नाचा मांडव आमच्यात कोरड्या जमिनीवर पडत नाही. वरून गवत येणार असलं म्हणून काय झालं? खालची जमीन लग्नाचीच ना? हे मी आजही म्हणतो, आणि कुणाच्या बापाला भीत नाही.

बायका गाणी म्हणत सारवून गेल्या. जानेवारीचं ऊन, दुपारपर्यंत खडखडीत वाळलं. मग मी जमिनीला सोल्यूशन फासलं आणि एकेक पट्टा फरशीसारखा शेजारीशेजारी चिकटवला. संध्याकाळी अंगण असं हिरवं झालं की दोन शेळ्या कुंपणातून आत शिरल्या, तोंड लावून बघितलं आणि अपमान झाल्यासारख्या निघून गेल्या.

शनिवारी सकाळी वारा सुटला. मी जाऊन बघतो तर पट्ट्यांच्या कडा वर उठलेल्या, कानासारख्या हलतायत. एक कड उचलली. खाली शेणाचा पापडच्या पापड चिकटून वर आला. सोल्यूशननं शेण घट्ट धरलं होतं, पण शेणानं जमीन सोडली होती. रविवारी लग्न. लेक दारात उभी राहून बघत होती.

आणि नेमके तेव्हाच व्याही आले, चारपाच माणसं घेऊन, अंगण बघायला. एका कडेत त्यांची चप्पल अडकली आणि अख्खा पट्टा त्यांच्यामागं चालायला लागला.

"व्याही, तुमचं गवत आमच्या घरी यायला निघालंय! म्हंजे जेवण आमच्याकडंच ना?"

त्यांची माणसं पोट धरून हसली. मी म्हणालो, "जेवण हितंच व्हईल. शेणात बसून जेवायला लागलं तरी हितंच."

व्याही खाली उकिडवे बसले. पट्टा उलटा केला, पाठीचं कापड बोटांनी चाचपलं, दोन हातांनी ताणून बघितलं.

"हे चिकटवायचं काम नाय," ते म्हणाले. "हे शिवायचं काम हाय. फाटक्या जाळ्यागत."

एका माणसाला त्यांनी घरी पिटाळलं. तो जाळं विणायच्या सुया आणि नायलॉनचा दोरा घेऊन आला. मग ती सगळी माणसं आमच्या चर्चच्या अंगणात मांडी घालून बसली आणि शिवायला लागली. मी शिवायला गेलो तर व्याह्यांनी सुई काढून घेतली.

"तुमी फकस्त ताणा. ताणा, व्याही, ताणा! भाकरी खाल्ली नाय का सकाळी?"

"भाकरी खाल्ली. तुमच्यासारखे बोंबील नाय खाल्ले."

"मंग जोर कुटनं येनार!"

फादर चहा वाटत फिरत होते. बायको म्हणाली, सारवलं म्हणूनच ही मंडळी आली, शुभ झालं. मी म्हणालो, तेच खरं. दिवेलागणीला सगळं अंगण एकच चादर झालं. वाऱ्यानं उठू नये म्हणून कडेनं मी दगड रचले, वरून रेती झाडून घातली.

व्याही उठले, कंबर सरळ केली, म्हणाले, "टाके आमचे. म्हंजे अंगण निम्मं आमचं. आता कुटंबी जेवा."

रविवारी त्या अंगणात पाचदा पंगत उठली. वरच्या गावांहून आमचे लोक तारपा फुंकत आले, कोळी मंडळी त्यांची गाणी घेऊन. दोघांचा ताल जमेना, तरी कुणी थांबेना. लेकीचा झगा निघताना जसाच्या तसा पांढरा. निरोप घेताना व्याही सहज म्हणाले की जरा लवकर जातो, बोंबील वाळत घालायची बांबूंची वलांडी वाऱ्यानं आडवी झालीय, माणसं लग्नात, उभी कोण करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मासवणच्या भावाकडून बांबू उचलले, टेम्पोत टाकले, किनाऱ्यावर गेलो आणि व्याही उठायच्या आत पहिला खड्डा खणला. ते डोळे चोळत बाहेर आले, तेव्हा मी म्हणालो, "तुमी फकस्त धरा."