सवेताने पाव पलीकडे नेला

सवेताचं घर नदीच्या अलीकडे आणि चर्च नदीच्या पलीकडे. मधे झुलता पूल, आणि सवेताला पुलाचं भय. तिच्या आयुष्याची सगळी कटकट एवढ्यात आली.

बावीस वर्षांपूर्वी बर्फ वितळून नदी फुगली होती, तेव्हा पुलाची एक फळी तिच्या पायाखाली मोडली. डावा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि ती तिथेच अडकली, अर्धी पुलावर, अर्धी पाण्यावर. नवरा तोआदेर धावत येईपर्यंत काठावरची त्यांची गाय तिच्याकडे बघत निवांत रवंथ करत होती. पुढे तोआदेर गेला, गाय गेली, पूलही नवा झाला. पोलादी दोर आले, जाड फळ्या आल्या.

"नवाकोरा पूल आहे, सवेतामावशी," लोक सांगायचे.

"पूल नवा आहे रे, पाय जुनाच आहे," ती म्हणायची.

म्हणून दर रविवारी ती डोंगराला वळसा घालून वरच्या मोटाररस्त्याने, तिथल्या न हलणाऱ्या दगडी पुलावरून, आठ किलोमीटर चालायची, आणि अर्धी प्रार्थना संपल्यावर घामाघूम होऊन पोचायची. गंमत अशी की त्या प्रार्थनेसाठी लागणारा वेदीवरचा पाव हीच करायची. आमच्या खोऱ्यात तो मान विधवेचा. तोआदेर गेल्यापासून चौदा वर्षं सवेता दर शनिवारी पीठ मळायची, पाच गोल पाव करायची, त्यांवर लाकडी ठसा उमटवायची. रविवारी पहाटे शेजारची फिरुत्सा ते गाठोडं तिच्या दारातून उचलायची आणि पुलावरून घेऊन जायची. पाव वेळेवर पोचायचा, पाव करणारी उशिरा. तरी सवेताला त्या कामाचं कौतुक होतं. आठवडाभर तिची वाट बघणारं त्या कामाशिवाय दुसरं होतं कोण?

त्या वसंतात दरड कोसळली आणि वरचा रस्ता बंद झाला. त्याच आठवड्यात फिरुत्सा लेकीच्या बाळंतपणाला शहरात गेली. अलीकडच्या काठावर तिसरं घर म्हाताऱ्या गाव्रिलचं, आणि त्याचे गुडघे त्याला अंगणापलीकडे जाऊ देत नव्हते.

गुरुवारी पाद्री इलारियोन पूल ओलांडून सवेताच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"सवेता, रस्ता दोन महिने तरी उघडत नाही. आता कसं?"

"देवाला विचारा. मी बावीस वर्षं विचारतेच आहे."

"काय विचारतेस?"

"माझं भय काढ म्हणते. तू काढ, मग मी जाते."

"मग?"

"मग काय! कमी ऐकू येत असेल त्याला."

पाद्री हसले नाहीत. "भरवसा ठेव गं. खाली बघू नकोस, चर्चच्या क्रूसाकडे बघ."

"क्रूसाकडेच बघत होते हो त्या दिवशी! म्हणून तर फळी दिसली नाही."

पाद्रीबाबांनी डोकं खाजवलं. "प्रभूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. होडीतून उतरला, पाण्यावर चालला..."

"आणि बुडायला लागला. तेवढं मलाही माहीत आहे."

"बुडायला लागला तेव्हा ओरडला, आणि ओरडला तेव्हा प्रभूने त्याला हात दिला. होडीत बसून राहिला असता तर हात कशाला लागला असता?"

सवेता आणखीच चिडली. तिने चुलीतले निखारे नको तितके ढवळले.

दारातून बाहेर पडता पडता पाद्री म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. पण रविवारी तुझा पाव आला नाही, तर हे काम लुक्रेत्सियाला द्यावं लागेल. कायमचं. ती पलीकडेच राहते, आणि तीही विधवा आहे."

"तिचा पाव दगडासारखा असतो!"

"पण पोचतो."

शनिवारी सवेता पीठ मळायला बसली. वेदीचा पाव मनात राग ठेवून मळायचा नसतो. राग आला की थांबायचं, हात धुवायचे, प्रार्थना म्हणून पुन्हा सुरुवात करायची. त्या दिवशी तिने सहा वेळा हात धुतले. दोन वेळा लुक्रेत्सियासाठी, एकदा पाद्रीबाबांसाठी, तीन वेळा देवासाठी.

रविवारी सकाळी पांढऱ्या भरतकामाच्या कापडात पाव बांधून, गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून ती पुलापाशी आली. गाव्रिल आपल्या अंगणात बाकावर बसला होता.

"जा की गं! मी बघतोय इथून."

बघून काय करणार होतास, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पाव हातात असताना माणसांशी बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पलीकडून लुक्रेत्सियाने हाक मारली, "सवेता, राहू दे! माझे पाव तयार आहेत, गरम आहेत!" याचं उत्तर तर फारच चांगलं सुचलं होतं. तेही गिळावं लागलं.

सवेताने पाऊल टाकलं. पूल हलला. दुसरं टाकलं, तिसरं टाकलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की दोन्ही हात गाठोड्यात आहेत आणि दोर धरायला हातच उरला नाही. चौदा वर्षं तिने पाव फक्त दारापर्यंत आणला होता. पुलापाशी गेल्यावर फिरुत्सा गाठोडं पाठीला बांधते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता इथे सोडून बांधायचं म्हणजे आधी खाली ठेवायचं, आणि लोकांचे बूट पडतात तिथे तो पाव ठेवायचा नाही. मागे वळावं तर वळायचीही भीती. शेवटी मांजर पिल्लाला उचलतं तशी तिने गाठोड्याची गाठ दातांत धरली आणि दोन्ही हातांनी दोर पकडले.

म्हणजे आता देवाशीही तोंडाने बोलायची सोय उरली नाही.

मधोमध पूल खाली झुकतो. त्याच जागी तिचा पाय गेला होता. तिथे ती थांबली. खाली पाणी गर्जत होतं. जबडा दुखत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते रागाचं की भयाचं हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

बावीस वर्षं मागते आहे, ती मनात म्हणाली. भय काढ, भय काढ. नाही काढलंस ना? नको काढूस. ठेव ते तसंच. पण मला धर. मी पाय उचलते आहे, ऐकतोस का? मला धर.

आभाळातून आवाज आला नाही. उलट वारा सुटला. पण पाय फळीवर टेकला आणि फळी तिथेच राहिली. मग दुसरा पाय. मला धर. मग पुढची फळी. मला धर.

पलीकडे पोचली तेव्हा लुक्रेत्सियाने वाट सोडली. चर्चच्या दारात पाद्री इलारियोननी तिच्या दातांतून गाठोडं सोडवून घेतलं. कापड ओलं झालं होतं, पाव कोरडे होते.

"आलीस! गेलं ना भय?"

"कुठे गेलं? माझ्यासोबतच आलंय. त्यालाही बाकावर जागा द्या."

"पुढच्या रविवारी..."

"पुढचा रविवार राहू द्या, पाद्रीबाबा. मला आज घरी जायचंय, आणि माझं घर पलीकडे आहे!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने प्रार्थना सुरुवातीपासून ऐकली. फारशी काही कानात शिरली नाही, कारण सगळा वेळ ती मनात परतीच्या फळ्या मोजत होती. संपल्यावर ती पुन्हा पुलापाशी उभी राहिली. हात रिकामे होते. तिने दोन्ही दोर घट्ट धरले.

"हं," ती म्हणाली, "आता तोंडही मोकळं आहे. ऐकून घे."

आणि अलीकडचा काठ येईपर्यंत, प्रत्येक फळीला एक, अशा बावीस वर्षांच्या तक्रारी तिने देवाला मोठ्याने सुनावल्या. गाव्रिल सांगतो, त्याला अंगणातून सगळं ऐकू येत होतं.