ललिताचे रविवार

ललिता गेली हे मला संगीताकडून कळलं. आधी राग आला, रडू नंतर. संगीता विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी न्यायाधीश आहे, ललिताने घडवलेल्यांपैकी पहिली. ललिताला हृदयाच्या त्रासाने बदलापूरच्या दवाखान्यात ठेवलंय, हे तिला तिकडे दोन दिवस माहीत होतं. मी इथे उल्हासनगरच्या कोर्टात वकील, रिक्षाने पाऊण तासावर, आणि मला पत्ताच नाही. “मॅडम, तुम्हाला कुणी सांगितलं नाही?” तिने रडत विचारलं. बातमीपेक्षा तो प्रश्नच मला जास्त टोचला. बावीस वर्षांपासूनची मैत्रीण माझी, आणि तिचं जाणं मला तिच्या विद्यार्थिनीने कळवावं... आता दीड महिना झालाय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप गोड लिहू लागतो, म्हणून आधीच सांगून टाकते. मला ललिताचा हेवा वाटायचा. ती होती तोवर वाटला, अजूनही वाटतो.

आम्ही लॉ कॉलेजात भेटलो. मी अंबरनाथची, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत अधिकारी, क्वार्टर्समध्ये वाढलेली, इंग्रजी शाळेतली. ती बारवी धरणाच्या बाजूच्या गावातली, घरी भातशेती, घराण्यात कोर्टाची पायरी चढलेलं कुणी असलंच तर आरोपी किंवा साक्षीदार म्हणून. पहिल्याच आठवड्यात ती जाडजूड पुस्तक घेऊन माझ्या बाकावर येऊन बसली. “मना यातला कायच समजत नाय. तू सांगशील?” मी सांगितलं. पुढे तीन वर्षं सांगत राहिले. ती माझ्या वह्या उतरवून घ्यायची, मी मोठेपणाने देत राहायचे. तिला माझी गरज होती, म्हणूनच ती मला इतकी आवडत होती, हे कळायला मला फार वर्षं लागली.

न्यायाधीश व्हायचं हे माझं ठरलेलं होतं. वकिली सुरू केल्यावर मी परीक्षा दिली, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचले आणि दोन्ही वेळा यादीत नाव आलं नाही. ललितानेही तीनदा फॉर्म भरला. ती लेखीतच अडकायची, मुलाखत तिने कधी पाहिलीच नाही. वयाची अट आम्हा दोघींचीही एकाच सुमारास उलटली. मी तो विषय घरात बंद करून टाकला. आईनेही पुन्हा काढला नाही. ललिताने मात्र बदलापूरच्या बेलवलीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात दर रविवारी वर्ग सुरू केला. फी नाही, बोर्ड नाही. कातकरी वाडीतली मुलगी, उल्हासनगर कॅम्पातल्या सफाई कामगाराचा मुलगा, अंबरनाथच्या कारखान्यात रात्रपाळी करून लॉ केलेला एक जण, असे सगळे. अशी परीक्षा असते हेच त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसायचं. जातवैधता कुठे अडकते, फॉर्ममधला कुठला रकाना चुकला की अर्ज बाद होतो, निकालपत्र लिहायला सुरुवात कुठून करायची, सगळं ती शिकवायची. मुलाखतीला घालायला काळे कोट तिच्याकडे दोन होते, एक बारीक मापाचा आणि एक ढगळ. कोण कुठला घालणार यावर हसणं चालायचं.

तिने मलाही बोलावलं होतं. गेले मी चार-पाच रविवार. पहिल्याच दिवशी तिने ओळख करून दिली, “ही माधुरी. दोनदा मुलाखतीपर्यंत गेलेली आहे.” मुलं कौतुकाने बघत होती. मला मात्र सगळ्यांसमोर कुणी माझं अपयश वाचून दाखवल्यासारखं झालं. त्यात मुलांच्या शंका सुटायच्या माझ्याकडून आणि धावत सांगायला जायची ती ललिताला. “ताई, जमलं!” मी पंखा बघत बसायचे. मग मी कामाची सबब सांगायला लागले. तिने एकदाही खोदून विचारलं नाही, याचाही मला राग आला.

संगीताला तिनेच माझ्याकडे ज्युनिअर म्हणून पाठवलं होतं. धरणापलीकडच्या वाडीतली, शाळेत जाणारी घरातली पहिलीच. तीन वर्षं तिने माझ्याकडे मान वर न करता काम केलं. अर्जाची वेळ आली तेव्हा तिला माझ्याकडून दोन कागद हवे होते, कामाचा दाखला आणि चारित्र्याचा. पाच मिनिटांचं काम. मी म्हटलं, “उद्या देते.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही, नुसती टेबलाजवळ उभी राहिली, आणि मी फाइलीतून डोकं वर काढलं नाही. मला काय हवं होतं ते आज नेमकं सांगता येतं. मला हवं होतं की तारीख आपोआप निघून जावी.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दुपारी ललिता बार रूममध्ये आली. समोर बसली नाही. आवाजही चढवला नाही.

“तुला द्यायचा नसेल तर नको देऊ, माधुरी. मी दुसऱ्या कुणाकडून आणते. पण तिला नाही म्हणून सांग. उद्या म्हणू नको. आमच्या माणसांनी ‘उद्या’ लई ऐकलाय.”

मी दोन्ही दाखले टाइप केले, सही केली, शिक्का मारला. तिने उभ्याउभ्या वाचले. “मन लावून काम करते, हे पण टाक की. खरंच करते ना?” मी ते हाताने लिहिलं. त्यानंतर तो विषय तिने मरेपर्यंत काढला नाही.

त्या वर्षी संगीता मुलाखतीला गेली आणि पडली. ते कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी ललिताचा फोन आला. “मुलाखतीत पडल्यावर कसं होतं ते आपल्यात फक्त तुलाच ठाऊक आहे. मला तिला काय सांगावं सुचत नाय. येशील?” मी गेले. संगीता स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि पॅनेलने मला काय विचारलं होतं, मी काय बोलले, कुठे माझा आवाज बसला, ते सगळं सांगितलं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ललिता दारात उभी राहून ऐकत होती. पुढच्या वर्षी संगीता निवडली गेली. वाडीत सत्कार झाला, हार ललिताच्या गळ्यात पडले. संगीता आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. मी तो क्रम लक्षात ठेवला. परतताना रिक्षात ललिता म्हणाली, “तू त्या दिवशी बोललीस म्हणून झालं हे.” मला वाटलं, माझी समजूत काढतेय.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी बेलवलीला गेले. वर्ग बंद करायचा, पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवायचं, असं डोक्यात होतं. तिच्या भावाने दार उघडून ठेवलं होतं आणि सात-आठ जण आधीच येऊन बसले होते. तीन खुर्च्या एका रांगेत, समोर एक. उल्हासनगरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, ताई मॉक इंटरव्ह्यूला आधी स्वतः बसायच्या कँडिडेट म्हणून. हम लोग पॅनेल. आम्ही विचारायचो, त्या उत्तरं द्यायच्या. तुम्ही बसाल?” जिने खरी मुलाखत कधी पाहिली नाही ती दर रविवारी त्या खुर्चीवर बसत होती, हे मला माहीत नव्हतं. मी बसले. मुलीने घसा साफ केला. “तुम्हाला न्यायाधीश का व्हायचंय?”

मी दोन्ही वेळा खऱ्या पॅनेलला दिलं होतं तेच उत्तर दिलं, समाजसेवा वगैरे. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

“ताई वेगळं सांगायच्या,” मागचा एक जण म्हणाला.

झालं. इथेही तीच पुढे. “काय सांगायची?” मी विचारलं, जरा तुटकच.

“त्या म्हणायच्या, मला आधी काय माहीतच नव्हतं असं काही होता येतं. कॉलेजात माझी मैत्रीण म्हणाली, मी जज होणार. मला तिचा इतका हेवा वाटला की मी पण ठरवलं.”

पुढच्या तीन खुर्च्यांवर तीन गंभीर चेहरे, समोर मी, आणि मला डोळे पुसायचं भान नव्हतं... मुलगी घाबरली असावी. तिने हळूच विचारलं, “मॅडम, पुढचा प्रश्न विचारू?”

“विचार,” मी म्हटलं.