नंबर सात, संत मार्टिन गल्ली

आमच्या गावात 'मार्टिन' अशी हाक मारली तर निम्मा बाजार मागे वळून बघतो. चौकात संत मार्टिनचा घोड्यावरचा पुतळा आहे. थंडीनं कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यानं आपला झगा तलवारीनं अर्धा कापून दिला, ती गोष्ट. झगा अर्धाच राहिला बिचाऱ्याचा, नाव मात्र अख्ख्या गावाला पुरून उरलं. संत मार्टिन दवाखाना, संत मार्टिन शाळा, संत मार्टिन पूल, संत मार्टिन रस्ता आणि संत मार्टिन गल्ली. शिवाय घरटी एक मार्टिन. म्हणून इथं माणसं टोपणनावावर चालतात. लंबू, पाववाला, घड्याळजी. मीही मार्टिनच, पण मला सगळे वस्तरा म्हणतात. मी न्हावी आहे म्हणून, असं मी सांगतो. माझी बायको म्हणते, जिभेमुळे.

ही गोष्ट पाटीवाल्याची. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीमागे एक लांबट खोली आहे, तिथं तो रस्त्यांच्या पाट्या रंगवतो. आधी त्याचा बाप रंगवायचा. पत्रा घासायचा, त्यावर निळ्या रंगाचे दोन हात द्यायचे, ते वाळले की खडू चोळलेली दोरी ताणून टिचकी मारायची. सरळ रेष उमटते. मग डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकवायचं आणि पांढऱ्या रंगात एकेक अक्षर काढायचं. मी एकदा बघायला गेलो होतो. माझा जीव कंटाळून गेला, त्याचा हात हलला नाही. संताचं नाव, म्हणजे खरं तर स्वतःचंच नाव, त्यानं जन्मभर लिहिलं. त्या नावानं त्याला हाक मात्र कुणी मारली नाही. बापाचं नाव मार्टिन, मुलाचंही मार्टिन, त्यामुळे घरातसुद्धा तो मधला. बायको होती तोवर 'अहो' म्हणायची. ती गेली आणि तेही गेलं. मुलगा दूरदेशी असतो. फोन करतो, नाही असं नाही. 'बाबा, बरं आहे ना? बरं. ठेवतो.' एवढ्यात पाटीवाल्यानं कानाला लावलेला फोन खाली येतो.

आता नंबर सातचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संत मार्टिन रस्त्यावर नंबर सातमध्ये शिवणाच्या बाई राहतात. एकट्याच. लग्नाचे कपडे, बाळाची झबली, शोकाचे काळे कोट, सगळं त्यांच्याकडे. जुना कोट उसवून नव्यासारखा करावा तर त्यांनीच, म्हणून आसपासच्या गावांतून लोक येतात. आणि संत मार्टिन गल्लीत नंबर सातमध्ये आमचा पाटीवाला. त्याच्या दारासमोर माझं दुकान. परगावचा माणूस काखेत गठुडं घेऊन चौकात उतरतो, 'संत मार्टिन, नंबर सात' असं विचारतो, आणि गल्ली जवळ असल्यामुळे कुणीतरी खुशाल गल्लीकडे बोट दाखवतं. झालं. थेट पाटीवाल्याची कडी वाजते.

दुसरा कुणी असता तर वैतागला असता. मीच वैतागायचो, कारण तो कामावर असला की ही मंडळी माझ्या दुकानात डोकं घालायची आणि माझा साबण गिऱ्हाइकाच्या गालावर वाळून जायचा. एकदा मी त्याला म्हटलं, 'अरे, गावाच्या पाट्या रंगवतोस, एक पाटी आपल्या दाराला लाव की. शिवणाच्या बाई इथे राहत नाहीत, असं लिही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.' तो 'लावतो' म्हणाला. लावली नाही.

का लावली नाही ते मला आरशातून दिसायचं. माझ्या आरशात गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे त्याचं दार दिसतं. दार वाजलं की तो उघडायचा आणि तुम्ही चुकलात असं लगेच सांगायचाच नाही. आधी आत घ्यायचा. खिडकीशी खुर्ची होती, टेबलावर दोन कप कायम पालथे घातलेले असायचे. एकट्या माणसाला दोन कप कशाला? तर त्यासाठी. पाणी द्यायचा, चहा टाकायचा, गठुड्यात काय आहे ते विचारायचा. लोक सांगायचे. वाट चुकलेल्या माणसाची जीभ सैल असते, कारण समोरचा पुन्हा भेटणार नसतो. एका मुलीनं त्याला लग्नाचा झगा उलगडून दाखवला, आईला मुलगा पसंत नाही म्हणून रडलीसुद्धा. एक म्हातारा आजारानं वाळला होता, सगळ्या विजारी कमरेत आत घ्यायच्या होत्या. तो हसत हसत आपलं दुखणं सांगून गेला. सगळं ऐकून झालं की पाटीवाला हळूच म्हणायचा, 'बाई त्या रस्त्याला राहतात. चला, दाखवतो.' आणि गठुडं स्वतः उचलून कोपऱ्यापर्यंत जायचा. बाईंचं दार उघडेपर्यंत तिथं उभा राहायचा. रस्ता ओलांडून पलीकडे मात्र कधी गेला नाही. त्या दारावरची नंबरची पाटीसुद्धा त्याच्याच हातची.

मला हसू यायचं. आता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या घरी इस्त्रीखालचं कापड पेटलं. शेजाऱ्यांनी बंबवाल्यांना फोन केला आणि बंब घंटा वाजवत आमच्या गल्लीत आला. पाटीवाल्यानं एवढ्या उत्साहानं दार उघडलं की बंबवाला क्षणभर गोंधळला. आग कुठं आहे? आग रस्त्यावर! अरुंद गल्लीतून तो बंब मागे घेता घेता माझ्या दुकानाची पायरी गेली. तोवर बाईंनीच ओली चादर टाकून आग विझवली होती. पडदे जळले आणि उजवा हात कोपरापर्यंत पोळला. शिवणाऱ्या बाईचा उजवा हात! गाव चिडलं, आणि रास्तच चिडलं. नगरपालिकेनं ठरवलं की गल्लीचं नाव बदलायचं. आडवी गल्ली. त्यासाठीच्या अर्जावर सही करणाऱ्यांत मी पहिला.

पाटी रंगवायचं काम अर्थातच त्याच्याकडे आलं.

एरवी चार दिवसांत पाटी भिंतीवर चढायची. ही चढेना. नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं तर पत्रा गंजलेला निघाला. पुन्हा विचारलं तर रंग वाळला नाही. हिवाळा संपून ऊन तापायला लागलं तरी याचा रंग ओलाच. केस कापायला माझ्या खुर्चीत बसला तेव्हा मी सोडलं नाही. मानेला कापड गुंडाळलं आणि म्हटलं, 'कसला रंग आहे रे तुझा? तेलाचा की आसवांचा? माणसं मरतील तुझ्या आळसापायी.'

'आळस नाही.'

'मग काय? लोक रोज दार वाजवतात, त्रास नाही होत तुला?'

आरशात त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, 'वस्तरा, तुझ्याकडे माणसं केस कापायला येतात. माझ्याकडे चुकून येतात. पण येतात तर खरं. तीही बंद झाली तर माझं दार कोण वाजवणार?'

माझी कात्री थांबली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी जास्तच तिखट बोलतो. 'मग कडीला दोर बांध आणि स्वतःच वाजवत बस,' असं म्हणून मी त्याच्या मानेवरचे केस झटकले. तो उठून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एक शेतमजूर धापा टाकत गल्लीत आला. काखेत काळा कोट. भावाला दुपारी पुरायचं होतं, आणि त्याच्या अंगावर चढवायचा कोट पाठीत फाटलेला. हात सावरून पुन्हा शिवायला लागलेल्या बाई तेवढ्यात दोन टाके घालतील या आशेनं तो पळत आला होता. पाटीवाल्यानं दार उघडलं, सवयीनं म्हणाला, 'बसा, पाणी घ्या.' तो माणूस बसलाही. इथंच बाई येतील असं समजून बसला. भावाचं सांगायला लागला. पाटीवाला ऐकत राहिला. ऐकता ऐकता चौकातल्या घड्याळाचे ठोके पडले, तेव्हा तो माणूस ताडकन उठला आणि म्हणाला, 'बाई कुठं आहेत?'

मग दोघं पळाले. मी दुकानातून पाहिलं, कोट पाटीवाल्याच्या हातात होता आणि त्याची टोपी रस्त्यात पडली होती. उपयोग झाला नाही. दफनभूमीत माणसं वाट बघून थांबली नाहीत. भाऊ शर्टावरच गेला. तो मजूर कोट परत काखेत घालून गल्लीवरून गेला, पाटीवाल्याला शिवी द्यायचंही त्याला सुचलं नाही. पाटीवाला उंबऱ्यात उभा होता. मला म्हणाला, 'मी त्याला बसवून ठेवलं रे. मला बरं वाटत होतं म्हणून बसवून ठेवलं.'  मी रस्त्यात पडलेली त्याची टोपी उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन आला. जुनी पाटी उतरवली, तीही त्याच्याच हातची. नवी ठोकली. आडवी गल्ली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख, एक रेघ इकडची तिकडे नाही. शिडीवरून उतरून त्यानं बोटांवरचा निळा रंग फडक्याला पुसला आणि घरात गेला.

त्यानंतर त्याचं दार वाजलं नाही. सुरुवातीला एखाददुसरा चुकार आला, मग तेही थांबलं. संध्याकाळी कामावरून आला की तो खिडकीतल्या खुर्चीत बसायचा, पाहुण्यांच्या. मी मुद्दाम दोनदा गेलो. पण रोज समोर दिसणारा माणूस काही पाहुणा होत नाही. आम्ही हवेबद्दल बोललो आणि मी परत आलो. एक कप आत ठेवून दिलेला मी पाहिला. गल्ली शांत झाली. माझा साबण आता गालावर वाळत नव्हता, आणि मला त्याचं काही सुख वाटेना.

मग एका रविवारी तो दाढी करायला आला. रविवारी दुकान बंद असतं, हे तो जाणतो. मी कुरकुरत का होईना, दार उघडलं. घोटून दाढी करून घेतली त्यानं. अंगात लग्नातला कोट होता, खांद्याला ढगळ झालेला. 'कुठं स्वारी?' म्हणून विचारलं, तर 'जरा जाऊन येतो' म्हणाला. मी दारात उभा राहून बघत राहिलो. तो कोपऱ्यापर्यंत गेला. नेहमीच्या जागी थांबला, बराच वेळ. आणि मग त्यानं रस्ता ओलांडला.

पुढचं मला माझ्या बायकोनं सांगितलं, तिला बाईंनी.

बाईंनी दार उघडलं तेव्हा तो हातात टोपी घेऊन उभा होता. म्हणाला, 'माफ करा हं. संत मार्टिन गल्ली, नंबर सात, ते हेच का?'

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. गावातल्या झाडून सगळ्या पाट्या या माणसानं रंगवलेल्या. ज्या गल्लीचा पत्ता तो विचारत होता तिचं नाव त्यानंच स्वतःच्या हातानं उतरवलं होतं. नखांच्या कडेला अजून निळा रंग होता. हे सगळं बाईंना ठाऊक होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर माणसं आणून सोडणारा, दार उघडेपर्यंत थांबणारा हा माणूस त्यांनी शिवणयंत्रावरून कितीदा पाहिला होता.

'चुकलात तुम्ही,' त्या म्हणाल्या.

'हो, तसंच दिसतंय,' असं म्हणून तो वळायला लागला.

'अहो, उन्हातून आलात. आधी बसा तरी. पाणी घ्या. मग दाखवते.'

तो आत गेला. बाईंनी पोळलेल्या हातानं सावकाश चहा ओतला आणि नाव विचारलं.

'मार्टिन,' तो म्हणाला.

आमच्या गावात यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठला मार्टिन? बाईंनी तो विचारला नाही.