हात घातला की थांबतं

मावशींच्या मशीनचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे. फेकवत नाही आणि बघवतही नाही.

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात मावशी कापणीच्या मशीनवर होत्या. पातं मोटारीवर आपलं आपलं वरखाली व्हायचं. त्याच्या खालून न दिसणाऱ्या प्रकाशाची एक रेघ जायची. रेघेत हात आला की मशीनवरच्या डबीतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड मोटार थांबवायचं. कार्डातला प्रोग्राम माझा, आणि त्याचा मला भलता तोरा होता.

लाल बटण होतं, पण पलीकडच्या बाजूला. तिकडे कोण वाकणार? कोणी हाक मारली की मावशी सरळ पात्याखाली हात घालायच्या, मशीन थांबायचं, मग विचारायच्या, "काय वो?" मी रागवायचो. त्या हसायच्या. "हात घातला की थांबतंय की, सर. तुमीच केलंय न्हवं?" मनातून मी सुखावायचोच.

या डबीला हात कसा कळतो, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, आत डोकं एकच आहे. ते थोडा वेळ टॉवेल मोजतं, थोडा वेळ ऑफिसच्या कॉम्प्युटरला आकडा पाठवतं. रेघेकडे बघत बसत नाही. हात आला की घंटा वाजते, मग हातातलं काम तसंच ठेवून ते आधी तिकडे धावतं. याला इंटरप्ट म्हणतात.

"म्हंजे माझ्यावानीच," मावशी म्हणाल्या.

एका सकाळी ऑफिसातून तक्रार आली. आकडा पाठवताना मध्येच घंटा वाजली की मोजणी चुकायची. मी दोन ओळी वाढवल्या: आकडा पाठवण्याआधी घंटा बंद, ऑफिसच्या कॉम्प्युटरकडून पोच आली की पुन्हा चालू. डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारं काम. लाकडी पट्टी घालून पाहिली, पातं थांबलं. मी चहाला गेलो.

दुपारी जेवून ऑफिसात आलो तर फ्यूज उडालेला, कॉम्प्युटरचा पडदा काळा. भिंतीपलीकडे शेडमध्ये मात्र लाइट होती. मावशींच्या पात्याचे ठोके ऐकू येत होते. ते ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. आता पोच कोण देणार? कार्ड पोचेची वाट बघत बसलं असणार, आणि तोवर घंटा बंद.

मी पळालो. शेडच्या दारातून पाहिलं, मावशींचे दोन्ही हात टॉवेलच्या घड्यांवर होते, पात्यापासून लांब. जीवात जीव आला. लाल बटण दहा-बारा पावलांवर होतं. गप्प पळत जाऊन ते दाबायचं, एवढंच करायचं होतं मला.

मी दारातूनच ओरडलो, "मावशी!"

त्यांनी मान वळवली, हसल्या, आणि माझं ऐकून घ्यायला पात्याखाली हात घातला.