टाय रॉडवरचा हात
आज गाडी पुसायच्या फडक्याला ग्रीसचा वास आला आणि मंगळवार पेठेतलं ते गॅरेज आठवलं. खड्डा आला की आमच्या जुन्या गाडीचं पुढचं चाक खट् वाजायचं, म्हणून वडील मला घेऊन तिथं गेले होते. म्हातारा मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, मला स्टिअरिंगवर बसवलं आणि खालून ओरडला, "पोरी, डावं-उजवं करत ऱ्हा. मी थांब म्हणेपर्यंत उतरू नगंस, चाक वळवणाऱ्या टाय रॉडवर माझा हात हाय." उन्हानं सीट भाजत होती. तेवढ्यात वडील खिडकीत वाकून म्हणाले, "इचलकरंजीच्या पावण्यांना होकार कळवलाय. रविवारी सुपारी फोडायची." मला अजून शिकायचं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दार उघडून पळावंसं वाटलं, पण खाली माणसाचा हात होता. डावं, उजवं, खट्. डावं, उजवं, खट्. शेवटी मिस्त्री वर आला आणि हात पुसत वडिलांना म्हणाला, "पावणं, बॉल जॉइंट गेलाय, बदलतो. पण मगाधरनं रॉड थरथरतोय, त्यो गाडीचा दोष न्हाय. पोरीचं हात कापत्यात." वडील हसले. म्हणाले, "शिकाऊ हाय की अजून!" सुपारी रविवारीच फुटली. आता मी सराईतपणे गाडी चालवते, हात कापत नाहीत. पण हा वास आला की वाटतं, मी अजून तिथंच बसून स्टिअरिंग फिरवतेय. मिस्त्री वर आला खरा, पण थांब म्हणायचं विसरूनच गेला.